दगडाचं काय बघायचं?

माळावर ट्रायपॉड उभा केला की माणदेशात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोजणी हाय का?" तीन पायांवर काहीतरी रोवून त्याला डोळा लावणारं माणूस इथं आजवर मोजणीलाच आलेलं आहे. कधी रस्त्याच्या, कधी कालव्याच्या, कधी पवनचक्कीच्या. दोन वर्षांपूर्वी माघातल्या एका पहाटे, अजून तोंडं नीट ओळखू येत नव्हती तेव्हा, मेंढरं घेऊन आलेल्या एका तात्यांनी मला तेच विचारलं.

"नाही तात्या, फोटो काढायला आलेय."

"कशाचा?"

"ह्या दगडांचा."

ते थांबले. मेंढरं त्यांना वळसा घालून पुढं गेली. तात्यांनी एकदा दगडांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि घोंगडं सारखं करत म्हणाले, "मग दम धरा जरा. त्यो वरचा धोंडा आदी तांबडा हुतो. मग खालचं. समदं तांबडं व्हायला एक बिडी वडून हुती तेवढा येळ लागतो."

हेच शिकायला मला तीन हिवाळे लागले होते. वहीत वेळा टिपून, फोटो शेजारी शेजारी ठेवून. सूर्याचं अख्खं बिंब क्षितिजाच्या वर यायला दोन मिनिटांच्या थोडं पुढं-मागं लागतं, आणि पहिल्या किरणापासून शेवटच्या धोंड्याच्या बुडापर्यंत उजेड उतरायला चार-पाच मिनिटं. बिडीचं माप अगदी बरोबर होतं.

हे माझं आजोळ. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, महिमानगड, दहिवडी. दहिवडीच्या पुढं थोडं आत वळलं की गाव येतं. गावाच्या पाठीशी एक लांबट टेकाड आहे आणि त्याच्या माथ्यावर धोंड्यावर धोंडा चढलेला आहे. खाली रांजण, त्यावर डेरा, मग घागर, अगदी वर बोळकं. फक्त इथला रांजणच दोन पुरुष उंच. गावात त्याला उतरंड म्हणतात. आजी गोष्ट सांगते, की एक सासुरवाशीण दुष्काळात पाण्याला म्हणून गेली ती परत आली नाही. घरात तिची उतरंड तेवढी वाट बघत राहिली, आणि बघता बघता दगड झाली.

लहानपणी सुट्टीत आम्ही त्या रांजणाच्या सावलीत जेवण-पाणी खेळायचो. तेव्हा काही विशेष वाटायचं नाही. मोठेपणी कॅमेरा घेऊन मी पहिल्यांदा तिथं निघाले, तेव्हा आजी चुलीपुढं बसली होती. "कुठं गं एवढ्या पहाटं?" "उतरंडीवर. दगड बघायला." आजी लाकूड आत सारत म्हणाली, "दगडाचं काय बघायचं? फोडला तेवढा पुरे."

त्या वाक्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. बहात्तरच्या दुष्काळात आजी कामावर गेली होती एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी आपण विचारत नाही.

साताऱ्यातला कॅमेरा पश्चिमेकडं तोंड करून असतो. मीही त्यातलीच. भाद्रपद लागला की पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, सड्यावर गुडघे टेकून फुलं टिपायची, धुकं हलायची वाट बघायची. पावसाळ्यात ठोसेघर, हिवाळ्यात सज्जनगड. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारशात घेतला, त्यात कासही आलं, आणि मग गर्दी इतकी वाढली की फुलांपेक्षा चपलाच फ्रेममध्ये जास्त. तरी कास सुंदर आहे, आणि मी अजूनही जाते. पण जिल्ह्याच्या पूर्वेला कोणी कॅमेरा घेऊन जाताना मी पाहिलं नव्हतं. पूर्वेला आपण लग्नाला जातो, जत्रेला जातो, शिखर शिंगणापूरला जातो, गोंदवल्याला जातो. बघायला जात नाही.

माझी मान वळली ती जोधपूरला.

मैत्रिणीच्या लग्नासाठी डिसेंबरात तिकडं गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर झोपलेलं असताना रिक्षा करून मेहरानगडाच्या पायथ्याशी, जसवंत थड्याच्या बाजूच्या खडकांवर जाऊन बसले. वाळवंटाचं माझ्या मनातलं चित्र म्हणजे वाळू. तिथं वाळू नव्हती. नुसता उघडा खडक होता, तपकिरी, कुठं जांभळट, जागोजागी तासल्यासारखा उभा चिरलेला. थंडी बोचत होती. आधी सगळं एकसारखं निळं होतं. मग किल्ल्याच्या तटाची वरची कड पेटली, आणि तो रंग भिंतीवरून सावकाश खाली सरकत खडकावर आला. आला तसा खडकाचा प्रत्येक खळगा, प्रत्येक चीर, प्रत्येक धार वेगळी झाली. रात्रभर मुका असलेला दगड एकाएकी बोलायला लागावा तसं. दहा मिनिटांत सूर्य वर आला, उजेड पांढरा झाला, आणि दगड पुन्हा गप्प.

त्या दिवशी नंतर मी राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये फिरले. किल्ल्याला लागूनच ते आहे, २०११ साली लोकांसाठी उघडलं. तिथं कळलं की किल्ला उभा आहे तो वालुकाश्माचा असला, तरी त्याच्या पायाखालचा खडक ज्वालामुखीचा आहे, साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या खडकांवर वेडी बाभळ माजली होती. वर तोडली की खालून पुन्हा फुटायची. शेवटी दगडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या खंडवालिया लोकांना बोलावलं. ते खडकावर हातोडी वाजवून, आवाजावरून, कुठं फोडायचं ते ठरवायचे, आणि छिन्नीनं मुळापर्यंत जाऊन बाभळ उपटायचे. मला ते ऐकताना मजा वाटली. आवाजावरून दगड ओळखणारी माणसं किती लांब येऊन भेटली, असं मी वहीत लिहिलंसुद्धा.

परतीच्या रेल्वेत डोक्यात एकच घोळत होतं. ज्वालामुखीचा खडक, उघडा माळ, वेडी बाभळ, डोक्यावरून हंडे. हे मी बघितलेलं आहे. जोधपूरला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माझ्या आजोळी त्याहून फार जास्त पडत नाही.

एकाच सातारा जिल्ह्यात हे कसं, हे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, वर गेले की थंड होतात आणि तिथंच रिते होतात. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. घाटमाथा ओलांडून तीच हवा खाली उतरायला लागली की उलट तापत जाते, तिच्यातलं उरलंसुरलं पाणी पडायचं नावच घेत नाही. मग वाई, सातारा, कोरेगाव असं करत करत म्हसवडपर्यंत पाऊस पाचशेच्या आतबाहेर येतो, तोही आला तर. ह्याला पर्जन्यछाया म्हणतात. हा शब्द मला नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. छाया म्हणजे आपल्याकडं आधार, कृपा, डोक्यावरचा हात. इथं ज्याच्यावर छाया पडली तो उन्हात उभा आहे.

पण त्याच छायेमुळं दगड दिसतो. कासच्या सड्याखालीही दगडच आहे, जांभा आणि त्याच्या खाली काळा कातळ. तो शेवाळात, गवतात, धुक्यात, मातीत झाकलेला. माणमध्ये झाकायला काही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, पुन्हा आला. एकावर एक थर बसले. ते थर महिमानगडाच्या कड्यावर आणि आसपासच्या प्रत्येक टेकाडावर मोजता येतात, थाळीपीठावर थाळीपीठ ठेवावं तसे. मध्येच एखादी गेरूच्या रंगाची रेघ जाते. तो दोन लाव्हांच्या मधल्या काळातला, वरच्या लाव्ह्यानं भाजून निघालेला लाल थर. सूर्य तिरपा असला की ती रेघ काय सुंदर दिसते!

मग मी पूर्वेला जायला लागले. शनिवारी ऑफिस सुटलं की आजोळी, रविवारी पहाटे माळावर.

आणि पहिल्या हिवाळ्यात एकही फोटो धड आला नाही. काळा दगड कॅमेऱ्याला कळत नाही. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. समोर काळा कातळ असला की त्याला वाटतं अंधार झाला, आणि तो उजेड वाढवून कातळाचा राखाडी चिखल करून टाकतो. जोधपूरचा तपकिरी दगड अशी अडचण करत नाही. इथं मात्र हातानं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचं माप, खाली ओढावं लागतं, कधी पाऊण स्टॉप, कधी दीड. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. काळ्याला काळं राहू द्यायचं आणि त्याच्या कडेवर जी उजेडाची रेघ येते तेवढीच जपायची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला की कॅमेरा पहाटेचा रंगच पुसतो. त्याला वाटतं काहीतरी चुकलंय, म्हणून तो तांबडं पांढरं करतो. तो दिवसाच्या उजेडाला बांधून ठेवायचा. मग खरं दिसतं ते येतं: सूर्याकडची बाजू केशरी आणि सावलीतली बाजू निळी. सावली काळी नसते, हे मला दगडानं शिकवलं. सावलीवर आभाळाचा उजेड पडलेला असतो, आणि पहाटेचं आभाळ निळं असतं.

सूर्य पाठीशी घेऊन काढलेला दगडाचा फोटो सपाट येतो. चित्रातला दगड. सूर्य बाजूला हवा, उजव्या किंवा डाव्या हाताला, जमिनीला टेकलेला. दगडाचा फोटो मुळात त्याच्या सावलीचा फोटो असतो. खरबरीत पाठीवरच्या एकेका कणाची सावली पडते तेव्हा डोळ्यांना हात फुटल्यासारखे होतात. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी पुढं पांढरी खनिजं भरलेली आहेत, गावात त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. त्या एरवी दिसतही नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत मात्र चुलीतून ठिणग्या उडाव्यात तशा चमकतात.

सूर्य उगवतो कुठं, हेही तेव्हाच मी नीट बघितलं. पूर्वेला उगवतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आपल्या इथं मार्गशीर्ष-पौषात तो पूर्वेच्या पंचवीस अंश दक्षिणेला असतो आणि ज्येष्ठ-आषाढात तेवढाच उत्तरेला. म्हणजे पन्नास अंशांची येरझार. उतरंडीच्या उत्तर अंगाला एक खोल खोबण आहे. हिवाळाभर मी तिच्यासाठी थांबले आणि तिच्यात कधी उजेड शिरलाच नाही. ती मे महिन्यात उजळते. मामा म्हणाला, "मला इचारायचं की. उन्हाळ्यात सकाळच्याला तिथं शेरडं बसत न्हाईत."

ह्या धोंड्यांचा आकार असा कसा, ह्यानं मला बरेच दिवस छळलं. वाळवंटात वारा वाळू घेऊन धावतो आणि जमिनीलगत दगड घासत राहतो, त्यातून छत्रीसारखे, खुंटासारखे आकार तयार होतात. माणमध्ये वारा आहे, पण दगड कापील अशी वाळू नाही. मग हे रांजण-डेरे कोणी घडवले? उत्तर वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. पाण्यानं. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला आडव्या-उभ्या चिरा पडतात. चौकोनी ठोकळे तयार होतात. त्या चिरांत पावसाचं पाणी मुरतं आणि दगडाला आतून कुजवत जातं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगानं काम करतं, कडेवर दोन अंगांनी, कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी जातात. मग कडा. कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत ठोकळ्याचा गोळा होतो. सुटलेल्या पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, ती वाहून जाते, आणि आतला गाभा एकावर एक तसाच राहतो.

पाण्याची वाट बघत दगड झालेली उतरंड पाण्यानंच घडवलेली आहे. कोट्यवधी वर्षांत, थेंबाथेंबानं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आत्ता कुटं गेलंय त्ये पानी?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला हवा तो फोटो मिळाला. तात्या भेटले ती सकाळ. त्या रात्री गार वारं पडलं होतं आणि हवा धुतल्यासारखी होती. पश्चिमेला क्षितिजावर आधी एक करडा-निळा पट्टा दिसला, त्याच्या वर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य वर येतो तशी ती खाली खाली बुडते. त्या पट्ट्यापुढं उतरंड काळी उभी होती. सात वाजून पाच मिनिटांनी बोळकं तांबडं झालं. मग घागर. मग डेरा. रांजणाच्या खांद्यावर उजेड आला आणि बुडाशी अजून निळं होतं, त्या अध्यामध्यात मी शटर दाबलं. हात थरथरत होते, थंडीनं आणि दुसऱ्याही कशानं.

साताऱ्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात तो फोटो लावला होता. एक गृहस्थ बराच वेळ त्याच्यापुढं उभे राहिले. मग मला विचारलं, "जैसलमेर?" मी म्हटलं, नाही, माण. त्यांना खरोखर आनंद झाला. म्हणाले, "माण! काय सांगता! दुष्काळसुद्धा किती देखणा असतो नाही!"

ते मनापासून म्हणाले होते. मला त्यांचा राग आला नाही. पण घरी आल्यावर तो फोटो मला बघवेना. पाऊस पडत नाही म्हणून माती नाही, माती नाही म्हणून झाड नाही, झाड नाही म्हणून दगड उघडा, आणि दगड उघडा म्हणून माझा फोटो. साखळीच्या एका टोकाला टँकरपुढची रांग आहे, उसाच्या फडावर गेलेली बिऱ्हाडं आहेत, कुलूप लागलेली दारं आहेत, आणि दुसऱ्या टोकाला माझी चौकट. फोटोत काहीच खोटं नव्हतं, तरी मला काहीतरी चोरल्यासारखं वाटत होतं. जोधपूरच्या खडकांचे फोटो काढताना असं काही वाटलं नव्हतं, कारण तिथं माझं कोणी राहत नव्हतं. तिथलंही कोणी कुणाचं असेलच की. त्या विचारानं अजूनच अवघडले.

मी काही महिने गेले नाही.

मग मामाकडं सत्यनारायण होता म्हणून गेले, आणि फोटोची एक मोठी प्रत त्याच्यासाठी घेऊन गेले. मामानं ती ओट्यावर भिंतीला टेकून ठेवली. त्याचं बोट उतरंडीवर गेलंच नाही. ते गेलं टेकाडाच्या उतारावर, जिथं एकाखाली एक बारीक रेघा दिसत होत्या. मी त्या थरांच्याच धरल्या होत्या. "हे आमचं चर," तो म्हणाला. मामीला हाक मारली, "अगं, ये बघ, आपलं चर दिसत्यात."

सलग समतल चर. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत सगळं गाव फावडी-टिकाव घेऊन ह्या टेकाडावर होतं. २०१६ साली त्या स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पहिला नंबर आणला, २०१८ साली माणमधल्या टाकेवाडीनं. आमच्या गावाचा नंबर आला नाही, पण चर राहिले. उतारावरून धावणारं पाणी त्यात अडतं, थांबतं, मुरतं. चैत्र-वैशाखाचं ऊन, म्हणून काम पहाटे चारला सुरू करायचे आणि आठला थांबायचे. "उजेड वर येताना आमी रोज हितंच असायचो," मामी म्हणाली. "तुझ्या फोटुत हाय तस्सं दिसायचं." दुपारी उतारावर बघितलं तर चर कळतही नाहीत. सूर्य जमिनीला टेकलेला असतो तेव्हाच त्यांच्या कडांची सावली पडते आणि अख्ख्या टेकाडावर दुरेघी वही आखल्यासारखी दिसते. तीन हिवाळे मी तिथं उभी होते आणि माणसाच्या हातानं काढलेल्या रेघा मला लाव्ह्याच्या वाटल्या.

तेवढ्यात आजी आली. तिला आता लांबचं नीट दिसत नाही. फोटो मांडीवर घेऊन ती बसली आणि नाक टेकेल इतकं वाकून बघायला लागली. उतरंडीवरून, चरांवरून तिची नजर सरकत खाली डाव्या कोपऱ्यात गेली. तिथं फोटोत अंधार आहे. मी तो कोपरा कापून टाकणार होते, चौकट तोलाची होईना म्हणून ठेवला. आजीनं तिथं अंगठा ठेवला.

"ही खाण."

मामालाही माहीत नव्हतं. "आई, ती तर पहिल्यापास्नं खड्डाच हाय."

"पहिल्यापास्नं? आमी केला त्यो."

मग ती बोलली. तिच्या तोंडून मी हे सगळं पहिल्यांदा ऐकलं. बहात्तरला माझी आई तिच्या काखेत होती, वर्षाचीही नाही. पेरलेलं उगवलं नाही, विहिरीचा तळ दिसला, जनावरं दावणीतून सोडून दिली. मग सरकारी काम निघालं, रस्त्यासाठी खडी. गडी सुरुंगाच्या भोकांना आणि पहारीला, बाया खडी फोडायला. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधायचे. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून मान तिरकी धरून फोडायचं. ती तिरकी धरलेली मान आजीची अजून तशीच आहे, आम्हाला ती सवय वाटायची. दुपारी पोरांना सुकडी मिळायची. घरी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी. संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घ्यायचा, मापात बसलं तेवढ्याचाच पैसा.

पुढं १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. त्याची पहिली मांडणी करणारे वि. स. पागे आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगावकडचे. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बांधून घालणारा तो कायदा आजीसारख्यांच्या ढिगांवर उभा राहिला, असं मी कुठंतरी बोलूनही दाखवते. पण आजीच्या बोलण्यात त्यातलं काही नव्हतं. तिच्या बोलण्यात दगड होता.

"पहाटं जायचो आमी," ती म्हणाली. "चांदणी असताना. दगूड उन्हाचा तापला का हातात धरवत न्हाई गं. तांबडं फुटायच्या आदी लई गार असतो. निळा दिसतो. तवा दोन घमेली जास्त हुयाची." मग फोटोवरून हात फिरवून म्हणाली, "तू बराबर टायमाला गेलीस."

मी तिच्याशेजारी बसून होते. ज्या निळ्या घटकेसाठी मी एवढी धडपडले होते ती आजीनं वर्षभर रोज बघितली होती, मान तिरकी धरून.

गेल्या पौषात आजीला घेऊन माळावर गेले. तिनंच म्हटलं, "न्हे एकदा." मामानं गाडी चराच्या वाटेनं जमेल तिथवर घातली, पुढं मी आणि मामीनं दोन्हीकडून धरलं. आजीनं डोक्यावरून शाल घेतली होती. ट्रायपॉड मी आधीच लावून ठेवला होता, चौकटही ठरवली होती. पश्चिमेला करडा पट्टा अजून उंच होता. चरांच्या आत गवत उभं होतं, वाळलेलं, पण दाट. मामीनं लावलेल्या सीताफळांपैकी दोन-तीन जगली होती.

आजीनं खाणीकडं पाहिलं नाही. ती सरळ रांजणापाशी गेली. पायाजवळचा एक मुठीएवढा धोंडा तिनं उचलला, तळव्यात एकदा फिरवला, आणि रांजणाच्या अंगावर वाजवला. बद्द आवाज आला. एक पाऊल सरकून पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द. कुंभाराकडून मडकं घेताना बायका वाजवून बघतात, तशी ती कान लावून पुढं पुढं सरकत होती. वाकली, बुडाशी वाजवला. तिथून खणखणीत आवाज आला, पितळेसारखा.

"ह्यो जित्ता हाय," आजी म्हणाली. "वरचं पापुद्रं कुजल्यात. आतला जित्ता हाय. आमाला असला लागला का आमी सोडून द्यायचो. फुटायचा न्हाई."

वर बोळकं तांबडं झालं. मामी म्हणाली, "अगं, तुझा फोटू." मी कॅमेऱ्याकडं धावले. चौकटीत आजी आली होती, मी ठरवलेल्या जागेच्या बरोबर मध्ये, आणि बाजूला सरकायला तिला वेळ लागला असता. मी एक्स्पोजर अजून थोडं खाली ओढलं. तिच्या शालीच्या कडेवर उजेडाची रेघ आली होती.

आजी दुसऱ्या अंगाला वळली होती आणि पुन्हा धोंडा वाजवत होती.